कोपराचा कोन

"एवढ्यावर धरू?" प्लास्टरवाल्याने विचारलं, आणि लेकीचं उजवं मनगट धरून त्याने तिचा हात सावकाश वर आणला. कोनमापकाची एक पट्टी त्याने दंडालगत ठेवली, दुसरी मनगटाच्या दिशेने फिरवली, आणि डोळे बारीक करून आकडा वाचला. "एकशे दहा. सरळ हात म्हणजे शून्य, तिथून एवढा वाकवलाय. आता हा चमचा तोंडाला लावून बघा."

लेकीने रिकामा चमचा बोटांत धरला, मान जराशी पुढे केली. चमचा ओठांना टेकला.

"लागला," ती म्हणाली.

"आता टेबलावरचं पेन उचला."

पेन हातभर अंतरावर होतं. तिने खांदा पुढे रेटला, मग कमरेतून वाकली, शेवटी खुर्चीवरून अर्धवट उठली. कोपराने अंग काढून घेतलं की खांद्यापासून पायापर्यंत सगळ्यांना कामाला लागावं लागतं. पेन बोटांना लागलं आणि घरंगळून खाली पडलं.

"म्हणजे एकशे दहावर जेवता येईल, काम करता येणार नाही," प्लास्टरवाला म्हणाला. भाजीवाल्याने भाव सांगावा इतक्या सहज. दिवसाला वीस हातपाय बांधणाऱ्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची?

दाराशी तिची पिशवी धरून काका उभे होते. ते तिचे वडील, पण सगळी वस्ती त्यांना हाडवाले काका म्हणायची, आणि काका हेच नाव त्यांच्या अंगवळणी पडलेलं. पुढच्या महिन्यात इथल्या सर्जन बाई लेकीचं कोपर बंद करणार होत्या. दंडाचं हाड आणि हाताचं हाड यांच्यावर एक लोखंडी पट्टी ठोकायची, दोघांना एकमेकांत मुरू द्यायचं, आणि सांधा म्हणून जे काही उरलं होतं ते संपवून टाकायचं. दुखणं थांबणार होतं. मात्र ज्या कोनात हाड जोडलं जाईल त्याच कोनात तो हात जन्मभर राहणार होता. म्हणून आधी दोन आठवडे एका कोनात प्लास्टर, मग दोन आठवडे दुसऱ्या. कुठला हात घेऊन जगायचं ते पेशंटने ठरवायचं. लेक अजून पस्तिशीलाही पोचली नव्हती.

काका स्वतः चाळीस वर्षं लोकांची हाडं बसवत आले होते. भिंतीवर पदवी नव्हती. एक टेबल, एक तेलाची बाटली आणि दहा बोटं, एवढाच दवाखाना. पण मुरगळलेला पाय घेऊन लंगडत आलेला माणूस त्यांच्याकडून चालत घरी जायचा. सांध्यांबद्दल ते नातेवाइकांबद्दल बोलावं तसे बोलायचे. खांदा उनाड, उथळ बशीत ठेवलेला चेंडू, जरा धक्का लागला की निघाला फिरायला. खुबा घरंदाज, खोल वाटीत बसलेला, सहसा बाहेर पडत नाही, पण पडला की घर बुडवतो. गुडघा बिचारा सगळ्यांचं ओझं वाहतो आणि बोलणी पण तोच खातो. आणि कोपर? कोपर म्हणजे दाराची बिजागरी, काका सांगायचे. गंजली की तेल द्यायचं आणि ढकलायचं.

चाळीस वर्षांत एवढी एकच गोष्ट ते चुकीची शिकले होते, आणि ती नेमकी स्वतःच्या घरात उपयोगाला आली. कोपराला जबरदस्ती सोसत नाही. कोपरापुढच्या स्नायूला मार लागलेला असताना तो कोणी चोळला, ताणला, की शरीराचा गैरसमज होतो. त्याला वाटतं, इथे हाड हवंय. आणि ते मुकाट्याने मांसात हाड भरायला लागतं.

लेक बस चालवायची. अडीच वर्षांपूर्वी ड्रायव्हरच्या केबिनमधून उतरताना पायरीवरून घसरली आणि कोपर निखळलं. सर्जन बाईंनी ते जागेवर बसवलं, तीन आठवडे बांधून ठेवलं, मग सांगितलं की आता हिने स्वतःच्या ताकदीने हळूहळू हलवायचं, दुसऱ्या कोणीही हात लावायचा नाही. काकांनी मान डोलावली. घरी आल्यावर त्यांनी ती सूचना ज्यांना हाडातलं कळत नाही त्यांच्यासाठी असणार असं ठरवून टाकलं. रोज सकाळी तेल कोमट करायचं, लेकीचा हात मांडीवर घ्यायचा आणि इंच इंच वाकवायचा. दोन महिन्यांत कोपर लाकूड झालं. एक्स-रेमध्ये सांध्यासमोर एक पांढरा ढग दिसला.

"हे मालीश कोणी केलं?" बाईंनी विचारलं होतं.

काका तोंड उघडणार, त्याआधीच लेक म्हणाली, "मीच. मीच जोर लावला."

काकांनी उघडलेलं तोंड मिटलं. हाडवाल्या काकांनी स्वतःच्या पोरीचा हात घालवला, ही बातमी वस्तीत पसरायला एक दिवसही लागला नसता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि त्या अंधारात लेकीने त्यांना लपू दिलं होतं.

नऊ महिन्यांनी ते जादा हाड कापून काढलं. काकांनी तेव्हा लेकीला शब्द दिला, आता बोटसुद्धा लावणार नाही. एकवीस दिवस त्यांनी शब्द पाळला. बाविसाव्या दिवशी दुपारी ती औषधाच्या गुंगीत उताणी झोपली होती, हात उशीवर, आणि काकांच्या लक्षात आलं की हात कालच्याइतकाही वाकलेला दिसत नाहीये. नुसतं बघवेना. फक्त एकदा, त्यांनी मनाशी म्हटलं. ते एकदा पंधरा मिनिटं चाललं. लेकीने झोपेतच तोंड भिंतीकडे वळवलं. हाड पुन्हा आलं, पुन्हा कापलं, या वेळी जखम चिघळली, आणि हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण त्यात गळून गेलं. आता सांधा हलायचा, पण खीळ निघालेल्या बिजागरीसारखा. करकरायचा, मध्येच दगा द्यायचा, आणि दुखायचा असा की लेक बोलता बोलता गप्प व्हायची.

प्रत्येक भेटीत सर्जन बाई तिला बोलायच्या. धीर नाही, ऐकत नाही, स्वतःच्या हाताची वैरीण आहेस. भर चौकात ट्रकवाल्याची अक्कल काढणारी ही मुलगी तिथे मान खाली घालून ऐकायची, आणि शेजारच्या खुर्चीवर काका आपल्या चपलांकडे बघत बसायचे. गेल्या दोन भेटींत बाई ओरडल्या नव्हत्या. कंटाळल्या असतील, असं काकांना वाटलं.

प्लास्टर घालून झाल्यावर लेकीला एक्स-रेच्या खोलीत नेलं. प्लास्टरवाला बादलीत हात धूत होता.

"एक विचारू, काका? एवढ्या तरुण बाईचा सांधा बंद कशाला करतायत? अस्तराचं ऑपरेशन असतं ना."

"कसलं अस्तर?"

"मांडीतला एक पातळ पडदा काढतात, दोन हाडांच्या मध्ये शिवतात. हाड हाडावर घासत नाही, हात हलता राहतो. अगदी पहिल्यासारखा नाही, पण हलतो. मागच्या महिन्यात बाईंनी एका सुताराचं केलं. परवा रंधा मारत होता म्हणे."

"मग हिचं का नाही?"

"ते सगळ्यांना देत नाहीत." त्याने हात पुसले. "ऑपरेशन सोपं हो, पुढचे तीन महिने अवघड. पेशंटने स्वतःहून हळूहळू हलवायचं, जोर म्हणून लावायचा नाही. एकदा कोणी पिरगळलं की अस्तर फाटलं, खेळ खलास. ज्याच्या हातून आधी असं झालंय त्याच्यावर भरवसा कोण ठेवणार?"

काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. म्हणजे लेकीने त्यांचं नाव झाकलं, आणि त्या झाकण्यापायी तिचा हात कायमचा बंद होणार होता. त्यांना तिथेच खाली बसावंसं वाटलं, पण खुर्चीवर ओलं प्लास्टर सांडलेलं होतं.

ते दोन आठवडे वाईट गेले. एकशे दहाच्या कोनात लेकीचा हात छातीसमोर उभा राहायचा. ती चमच्याने जेवायची, दात घासायची, पण सदऱ्याची बाही चढायची नाही, दाराची कडी लागायची नाही. आई गेल्यापासून घरात दोघंच. कडी काका लावायचे.

"मी शपथविधीला निघाल्यासारखी दिसते ना, बाबा?" एकदा ती म्हणाली. "कुठलं खातं देताय बोला."

काका हसले, आणि आत जाऊन नळ सोडून उभे राहिले.

एका सकाळी त्यांनी तिला खोलीत पाहिलं. ती खुर्चीवर बसली होती, डाव्या हातात मोठं ताट उभं धरलेलं, आणि उजवी बोटं त्या ताटाच्या कडेपर्यंत पोचवायचा प्रयत्न चाललेला. बोटं वीतभर अलीकडेच थांबत होती. तिने खुर्ची पुढे ओढली, छाती ताटाला भिडवली. तरी नाही. मग तिने ताट नीट मांडणीत ठेवून दिलं. बंद कोपराच्या माणसाला बस चालवू देत नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं.

त्याच दुपारी मान आखडलेला एक शेजारी दाराशी आला. काकांनी त्याला कोपरापासून नमस्कार केला. "माझे हात गेले आता. दवाखान्यात जा."

"बघा ना त्यांचं, बाबा," आतून लेक म्हणाली. "मानेला तुमच्यासारखा हात नाही कुणाचा."

काकांनी दार लावून घेतलं. ती चांगलं बोलली की त्यांना जास्त लागायचं. एकदा तरी तिने भांडावं, ताट फेकावं, तुम्ही माझं वाटोळं केलंत म्हणावं, यासाठी त्यांचा जीव आसुसला होता.

प्लास्टर बदलायच्या आदल्या दिवशी ते एकटेच सर्जन बाईंकडे गेले. दोन तास बाकावर बसले. आत गेल्यावर खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"बाई, ते मालीश मी केलं. दोन्ही वेळेला. तिने नाही. तिने माझं नाव घेतलं नाही, आणि मीही सांगितलं नाही."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला माहीत आहे, काका."

"माहीत आहे?"

"तिने सांगितलं. दीड महिना झाला."

काकांनी टेबलाची कड धरली. इतके दिवस जुळवलेली वाक्यं होती, ती सगळी एका दमात वाया गेली. "मग आता तरी तिला ते अस्तराचं ऑपरेशन द्या. तिचा काही दोष नाही. तिला धीर आहे. माझ्यासारख्या बापाबरोबर राहतेय, आणखी किती धीर पाहिजे?"

"मी तेच सुचवलं होतं," बाई म्हणाल्या. "सांधा बंद करू या, हे मी म्हटलेलं नाही. तिने मागितलं."

"तिने? का?"

बाहेर कोणीतरी कोणाचा तरी नंबर पुकारत होतं.

"ते तिलाच विचारा," त्या शेवटी म्हणाल्या. "मला सांगितलंय तिने. पण ते मी सांगायचं नाही."

त्या रात्री काकांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर विचारलं नाही. प्लास्टरच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोघं बसले, जुनं प्लास्टर करवतीने काढून झालेलं, लेकीचा सुरकुतलेला पांढरा हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेला, तेव्हा कुठे त्यांचा आवाज फुटला.

"काल बाईंकडे गेलो होतो."

"कळलं मला. इस्त्रीचा शर्ट जागेवर नव्हता."

"मी सांगितलं त्यांना."

"बरं केलंत."

"अस्तराचं ऑपरेशन तू नको म्हणालीस?"

लेकीने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे माणसाच्या सांगाड्याचं चित्र टांगलेलं होतं, एकेका हाडाला रेघ ओढून नाव लिहिलेलं.

"त्यात तीन महिने हात मोकळा ठेवायचा असतो, बाबा. घरी."

"मी नाही हात लावणार." काका घाईने बोलले. "हवं तर मी माझ्या भावाकडे जाऊन राहतो. तीन महिने काय, सहा महिने. तू बोलावलंस तरच येईन."

"आणि मी बोलावणारच," ती म्हणाली. "आठ दिवसांत. तिकडे तुमच्या जेवणाचे हाल होतायत म्हणून."

"मग दाराला कुलूप लाव. मला घरात घेऊ नकोस. तुझा विश्वास नाही ना माझ्यावर? नसूच दे. मी मान्य करतो."

"तुमचं नाही सांगत मी." तिने डाव्या हाताने उशी सरळ केली. "तुम्ही हात लावाल की नाही, ते मला माहीत नाही. पण तुम्ही लावलात तर मी नको म्हणणार नाही, हे मला माहीत आहे. त्या दुपारी मी जागी होते."

काकांनी मान वर केली.

"तुम्ही तेल कोमट करायला ठेवलंत, तेव्हापासून जागी होते. भांड्याचा आवाज आला. म्हटलं, आत आले की सांगू. मग म्हटलं, हात धरला की सांगू. तुम्ही इतके जपून धरला होतात. दुखत होतं. पण तुम्हाला वाटत होतं ना, सुटतोय म्हणून. मला नाही सांगता आलं. पुढेही नाही येणार. बसमध्ये पन्नास माणसं गप्प बसवायचे मी, घरी आले की माझी दातखीळ बसते. बंद केलेलं बरं, बाबा. मग कोणी वाकवायचा प्रश्न नाही आणि मी कोणाला थांबवायचा पण नाही."

काकांना रडू आलं नाही. रडणाऱ्याला निदान आपण कुठे आहोत ते कळत असतं. तिला जवळ घ्यावं म्हणून त्यांचा हात उठला, तिचं अंग बाकावर किंचित आक्रसलं, आणि हात परत मांडीवर आला. ती आक्रसली हे तिला स्वतःला कळलंसुद्धा नसेल.

"या ताई," आतून हाक आली.

आज सत्तरचा कोन होता, टेबलावरचं पेन उचलता येईल असा. प्लास्टरवाल्याचा मदतनीस सुट्टीवर गेलेला. त्याने कोन मोजला, कापूस गुंडाळला, पट्ट्या कोमट पाण्यात सोडल्या आणि आजूबाजूला पाहिलं.

"काका, तुम्हीच धरा जरा. हाडांतले माणूस तुम्ही. एक हात मनगटाला, एक कोपराखाली. मी गुंडाळतो, वाळेपर्यंत हलू द्यायचं नाही."

काका जागचे हलले नाहीत. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"धरा, बाबा," लेक म्हणाली. "हात दुखायला लागलाय असा अधांतरी."

काका पुढे झाले. एका हातात त्यांनी मनगट घेतलं, दुसरा कोपराखाली दिला.

"तळव्यावर पेलून धरा बरं का," प्लास्टरवाला म्हणाला. "बोटं लावू नका. ओल्या प्लास्टरमध्ये रुततात आणि मग आतून टोचतात."

ओल्या पट्ट्या एकावर एक बसत गेल्या. काकांनी तळवा सपाट ठेवला होता. त्यांनी श्वास पण बेतानेच घेतला. लेकीने डोळे मिटले होते. पट्टीचा वेढा कोपरावरून गेला, सांधा आतल्या आत जरासा सरकला, करकरला, आणि तिच्या कपाळावर आठी उमटली. काकांना वाटलं, निसटतोय. चाळीस वर्षांत निसटत्या हाडाला त्यांनी कधी तळव्याने धरलं नव्हतं. प्लास्टर गरम होत गेलं, मग निवत गेलं.

"सोडा आता," प्लास्टरवाला म्हणाला. "बसलं."

काकांनी हात काढला. कोपराच्या तिन्ही टोकांपाशी, जिथे हाडवाला निखळलेलं कोपर चाचपतो, तिथे तीन खळगे पडले होते. अंगठ्याचा सगळ्यांत खोल.

"अहो काका, बोटं!" प्लास्टरवाल्याने खळग्यांवरून नख फिरवलं. "आणि हे तर वाळलं पार." तो लेकीसमोर वाकला. "ताई, आत टोचतंय का? टोचत असेल तर आत्ता सांगा, कापून दुसरं घालतो. दहा मिनिटांचं काम आहे. दोन आठवडे तसंच राहिलं तर कातडी जाईल, मग ऑपरेशन पण लांबेल."

पेशंट तोंडाने काहीही बोलला तरी काका त्याच्या पायांकडे बघायचे. पाय खोटं बोलत नाहीत. लेकीच्या चपलेतला अंगठा आत वळून घट्ट झाला होता.

तिने वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "छान बसलंय."